जुने पण दर्जेदार कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फास्ट फॅशन, म्हणजे झटपट आणि स्वस्तात काढलेले, थोडे दिवस घालून टाकायचे कपडे, सोडून जुने, टिकाऊ कपडे वापरायचे म्हटलं की ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच गोष्टीवर चार जणांनी विचारलं असेल तिथे एकदाच उत्तर दिलंय आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक.

१. व्हिंटेज म्हणजे नक्की किती जुना? सेकंडहँड आणि व्हिंटेज एकच ना?

एकच नाही. विकणाऱ्यांमधला रूढ संकेत असा की किमान २० वर्षं जुना तो व्हिंटेज आणि १०० वर्षांपलीकडचा तो अँटिक. सेकंडहँड म्हणजे फक्त आधी कोणाच्या तरी मालकीचा. तो गेल्या महिन्यात शिवलेलाही असू शकतो. 'व्हिंटेज स्टाइल' असं लिहिलेलं दिसलं तर तो कोरा करकरीत नवा कपडा, फक्त धाटणी जुनी.

२. स्वस्तात कपडे मिळतायत तर बिघडलं कुठे? फास्ट फॅशनवर एवढा राग का?

१९८९ च्या अखेरीस झारा या स्पॅनिश कंपनीने न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं, तेव्हा डिझाइन कागदावर उतरल्यापासून कपडा दुकानात टांगेपर्यंत १५ दिवस लागतात याचं वर्तमानपत्रात नवल छापून आलं होतं. आज त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण हा वेग आणि ही किंमत कुठून तरी वसूल व्हावीच लागते. थोडी कापडातून होते: विरळ वीण, तोकडी माया, सैल शिलाई. बाकीची शिवणाऱ्यांच्या मजुरीतून आणि सुरक्षिततेतून. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं.

पाण्याचा हिशोब वेगळाच. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी असा आकडा सर्रास दिला जातो. कापूस कुठे पिकला, पावसावर की कालव्यावर, त्यानुसार तो खालीवर होतो, पण चार वेळा घालून टाकून द्यायच्या वस्तूसाठी तो कसाही मोजला तरी जास्तच आहे. टाकलेले कपडे जातात कुठे, ते प्रश्न १७ मध्ये.

३. जुना कपडा म्हणजे चांगलाच, असं धरून चालू का?

अजिबात नको. 'पूर्वीचे कपडे काय टिकायचे!' असं आपण म्हणतो, कारण टिकले तेवढेच आपल्यासमोर आले. त्या काळातले भिकार कपडे केव्हाच फाटून पायपुसणी झाले.

आणि आता एक नवीच भानगड आहे. २० वर्षांचा संकेत लावला तर २००० नंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतला मालही व्हिंटेज ठरतो आणि तोवर फास्ट फॅशन चांगलीच बाळसं धरून होती. त्यामुळे 'व्हिंटेज' अशी चिठ्ठी लावलेला पातळ, उरेब फिरलेला टॉप मिळणं आज सहज शक्य आहे. वय हा दर्जाचा दाखला नाही. उलटीकडे, आजही नीट शिवणारे लोक आहेत आणि नवा पण नीट शिवलेला कपडा घेण्यात काही कमीपणा नाही.

४. शिवणकामातलं काही कळत नाही. दुकानात उभ्या उभ्या दर्जा कसा ओळखू?

कपडा उलटा करा. बाहेरून सगळेच सजलेले असतात. खरं काय ते आत कळतं.

आधी माया बघा, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. बोटाच्या एका पेराएवढी माया असेल तर शिवणाऱ्याने हा कपडा पुढे उसवून मोठा करता यावा याचा विचार केलाय. टाक्याला लागूनच कापड कातरलेलं असेल आणि वर नुसतं ओव्हरलॉक मारलेलं असेल, तर तो कपडा एकदाच शिवायचा म्हणून शिवलाय. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर सोडून द्या.

मग चट्टेपट्टे आणि चौकडी. खांद्यावर, खिशावर, बाजूच्या शिवणीत पट्ट्याला पट्टा जुळतोय का? जुळवायला कापड जास्त लागतं आणि वेळही, म्हणून घाईच्या मालात सर्वांत आधी याच्यावर काट बसते. काजं बघा: दाट, सुबक, आतून धागे न लोंबणारी. आत एखादं जादा बटण टाचून ठेवलेलं असेल तर मला कोण आनंद होतो. खालची दुमड रुंद हवी.

शेवटी कापड. उजेडासमोर धरा. मूठभर घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत आवळा आणि सोडा. लिननच्या कापडाला सुरकुत्या पडणारच, तो त्याचा दोष नाही, पण चांगली लोकर मोकळी होते. विणलेल्या कपड्याची कड ताणून सोडा; परत जागेवर आली पाहिजे.

काखा, कॉलरची घडी, मनगट, मांड्यांमधला भाग आणि बसायची जागा या पाच ठिकाणी कापड विरलंय का, हे मात्र उजेडातच कळतं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मी बऱ्याचदा फसलो आहे.

५. कोट-ब्लेझरला पण हेच लागू का?

बहुतेक सगळं. जोडीला एक चिमटीची परीक्षा आहे. पुढच्या भागावर, शेवटच्या बटणाखाली, बाहेरचं कापड आणि आतली पट्टी दोन चिमटींत धरून अलगद वेगळी करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकत असेल तर आत कॅनव्हास टाक्यांनी बसवलाय. असा कोट वर्षागणिक अंगाला बेततो. तीनही थर पुठ्ठ्यासारखे एकजीव लागले तर ते गोंदाने चिकटवलेले आहेत. चिकटवलेला कोट वाईटच असं नाही, पण छातीवर पुरळासारखे फुगे आले असतील तर गोंद सुटलाय आणि त्याला इलाज नाही.

६. आतलं लेबल गेलंय. कापड कसलं आहे ते कसं ओळखू?

विकत घेतल्यानंतर, मायेतून चार धागे काढून, चिमट्यात धरून, सिंकवर जाळून बघा. सूत आणि लिनन कागदासारखे भुरकन जळतात, वासही जळक्या कागदाचा, राख मऊ करडी. रेयॉनही असंच जळतं, कारण त्याचं मूळ लाकडाच्या लगद्यात आहे. लोकर आणि रेशीम जळक्या केसांचा वास देतात, ज्योत काढली की बहुधा विझतात आणि काळी राख बोटात चुरडली जाते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून टणक मणी बनतो. तो गरम असताना बोट लावू नका. मिश्र धाग्यात सगळ्याचीच सरमिसळ होते, तेव्हा फार खात्रीने बोलू नये. आणि विकत घेण्याआधी दुकानात काडी ओढू नका. हसू नका, हे विचारलं गेलंय.

७. पॉलिएस्टर असेल तर थेट नाही म्हणू का?

मी म्हणत नाही. आज जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि ५० च्या दशकात 'न चुरगळणारं कापड' म्हणून त्याचा केवढा डंका वाजला. तेव्हाचं जाड, घट्ट विणीचं पॉलिएस्टर अजूनही ठणठणीत सापडतं. घाम शोषत नाही आणि जुना घामाचा वास धरून ठेवतं, या दोन तक्रारी खऱ्या आहेत. धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात, जुन्यातूनही. म्हणून वरून घालायचं जॅकेट ठीक, अंगाला चिकटणारा शर्ट नको.

८. विकणारा म्हणतो सत्तरच्या दशकातला. खरं कसं मानायचं?

एका खुणेवर विसंबू नका. निदान तीन जुळल्या पाहिजेत. चेन बदललेली असू शकते, लेबल दुसरीकडून आणून टाचलेलं असू शकतं.

चेन धातूची असेल तर कपडा बहुधा ६० च्या दशकातला किंवा आधीचा. प्लॅस्टिकच्या चेनी त्यानंतर बोकाळल्या. जीन्स आणि कातडी जॅकेटला हा नियम लावू नका, त्यांना आजही धातूचीच चेन बसते. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं, तेव्हा अमेरिकी बाजारासाठी शिवलेल्या कपड्यात ते मुळापासूनच नसेल तर त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते. गुंडाळलेल्या लोकरीच्या लडीसारखं दिसणारं वूलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीच्या खुणेचं, चिन्ह १९६४ चं. ते असेल तर कपडा त्याहून जुना नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळात काटकसरीच्या कपड्यांवर 'सीसी ४१' ही खूण मारत. ती १९४१ ते १९५२ एवढीच चालली. लिव्हाईसच्या लाल फितीवरच्या नावात 'ई' मोठ्या लिपीतला असेल तर सहसा १९७१ च्या आधीची जीन्स, पण जुन्या मॉडेलांच्या नव्या नकला कंपनी स्वतःच त्याच मोठ्या 'ई'सह काढते. म्हणून म्हटलं, निदान तीन.

लायक्राचं काय? हा ताणणारा धागा १९५८ चा. 'पन्नास सालचा' म्हणून दाखवलेला ड्रेस रबरासारखा ताणला जात असेल तर गोड हसून पुढे जावं.

९. माझा नंबर १२ आहे, पण जुना १२ नंबर बंदच होत नाही. मी जाड झाले का?

नाही, नंबर लठ्ठ झालेत. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण ठरलं. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच, कंबर साडेतेवीस. आजच्या ८ नंबरात ती बाई हरवून जाईल. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपन्या मापं वाढवत गेल्या आणि आकडे तेच ठेवत गेल्या. १९८३ मध्ये ते प्रमाणही मागे घेतलं गेलं. लेबलावरचा आकडा वाचूच नका. टेप ठेवा.

१०. फोटो बघून मागवायचं तर काय काय विचारू?

सपाट पसरून घेतलेली मापं मागा: काखेपासून काखेपर्यंत, खांदा, कंबर, बाही, उंची. छाती-कंबर यांचे आकडे दुप्पट करून तुमच्या अंगावर नीट बसणाऱ्या कपड्याशी ताडा, अंगाच्या मापाशी नाही. श्वास घ्यायला जागा लागते. मग काखेचा, कॉलरच्या आतला आणि अस्तराचा फोटो मागा. 'वयाला साजेशा खुणा' असं मोघम लिहिलं असेल तर खुणा कुठे ते विचारा. काखेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

११. कपडा आवडलाय पण थोडा बिघडलाय. काय दुरुस्त होतं आणि काय नाही?

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर.

बिनधास्त घ्या: उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, सुटलेली दुमड, फाटलेला खिसा, बिघडलेली चेन, फाटकं अस्तर. शिंप्याला अस्तर नवीन घालता येतं. काम वेळखाऊ आहे, पण कोट चांगला असेल तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं. कंबर, बाजू आणि बाहीची लांबी आत घेता येते. बाहेर सोडायची असेल तर माया हवी आणि उसवल्यावर जुन्या शिवणीची रेघ दिसेल का, जुनं न विटलेलं कापड वेगळ्या रंगाचं निघेल का, हे आधी आत डोकावून बघा.

विचार करून घ्या: कसरीची भोकं. एखाद-दुसरं असेल तर रफू होतं आणि जाड लोकरीत ते शोधूनही सापडत नाही. पातळ, गुळगुळीत कापडावर रफू दिसतोच.

सोडून द्या: खांदे. खांदा मोठा असेल तर जवळजवळ अख्खा कोट उसवावा लागतो. मुंढा लहान असेल तर तो खाली कातरता येतो, पण हात वर केला की सगळा कपडा वर येतो. काखेतलं विरलेलं कापडही सोडा, कारण विरलेल्याला टाका धरत नाही. शिवाल तिथून बाजूला फाटेल. आणि तडकलेलं रेशीम. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून २० व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून त्यात कथिलासारख्या धातूंचे क्षार मुरवत. ते क्षारच धागा आतून खातात. असं रेशीम उभ्या चिरांनी फाटत जातं आणि कोणीही ते वाचवू शकत नाही. तसंच चिकट झालेलं नकली कातडं: त्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलीने विघटित होतं. एकदा चिकट झालं की पुढे सोलतच जाणार.

१२. दुसऱ्याने घातलेला कपडा. मला किळस येते.

येऊ दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एक लक्षात घ्या: दुकानातला नवा शर्टही तुमच्या आधी अनेकांनी अंगाला लावून बघितलेला असतो आणि चुरगळू नये म्हणून त्यावर अनेकदा फॉर्माल्डिहाइड हा उग्र वायू सोडणाऱ्या रसायनाचा हात फिरवलेला असतो. दोन्ही धुऊनच घालावे. सुरुवात ओव्हरकोट, जॅकेट, बॅग अशा अंगाला न भिडणाऱ्या वस्तूंपासून करा. अंतर्वस्त्रं आणि मोजे जुने घ्यायचा आग्रह माझाही नाही.

१३. कुबट वास काही केल्या जात नाही.

आधी वास कसला ते ठरवा. नुसता बंद कपाटाचा असेल तर दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर उलटा टांगला की बहुतेकदा जातो. उन्हात नको, रंग विटतो. घामाचा असेल तर आतून काखेवर साधा व्होडका फवारा. अल्कोहोल उडून जाताना वास बराच घेऊन जातं. आधी आतल्या कोपऱ्यात थेंब टाकून रंग उतरत नाही ना ते बघा. डांबरगोळीचा असेल तर चिकाटी लागते, कधी महिना. बुरशीचे काळे ठिपके दिसत असतील तर तो कपडा दुकानातच राहू द्या.

१४. कसर लागलेला कपडा घरात आणला तर बाकीच्यांना लागेल?

लागू शकते. नुकसान पतंग करत नाहीत, अळ्या करतात, आणि त्यांना लोकर, फर, रेशीम यांतली प्रथिनं हवी असतात. स्वच्छ सुती कपड्यात त्यांना रस नसतो, पण त्यावर घाम किंवा डाग असेल तर तेही कुरतडतात. प्रत्येक जुनी लोकरी वस्तू कपाटात जाण्याआधी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर किमान ७२ तास ठेवा. घरगुती फ्रीजर असेल तर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर कपड्यावर दव धरतं.

१५. धुऊ कसा? लेबलच नाही.

नवखेपणी मी एक सुरेख लोकरी जॅकेट गार पाण्यात हाताने धुतलं. लोकरीला काही झालं नाही. अस्तर रेयॉनचं होतं, ते आटलं आणि जॅकेट आतून ओढल्यासारखं कायमचं चुण्या घेऊन बसलं. दोष कोणाचा, माझाच. तेव्हापासून नियम: अस्तर असलेला, खांद्यात गाद्या असलेला कपडा घरी धुवायचा नाही.

बाकीच्यांसाठी: पांढरा ओला रुमाल आतल्या शिवणीवर दाबा. रंग लागला तर पाणी नको. नाही लागला तर गार पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबणं, आणि सपाट वाळवणं. रेयॉन ओलं असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, त्यामुळे ते ओलं टांगलं की स्वतःच्या वजनानेच फाटू शकतं.

१६. लहान मुलांसाठी जुने कपडे चालतील का? आणि आजीच्या काळातली फर?

मुलांचे साधे सुती कपडे उत्तम. वारंवार धुतल्याने मऊ झालेले असतात. दोन अपवाद. ७० च्या दशकातले अमेरिकी रात्रीचे पोशाख नकोत: त्यांत आग न लागावी म्हणून ट्रिस नावाचं रसायन वापरलं जायचं आणि कर्करोगाच्या धोक्यामुळे १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. दुसरं, टोपीला किंवा गळ्याला ओढायची नाडी असेल तर ती काढून टाका. घसरगुंडीत अडकून गळफास बसतो.

फर घेण्याआधी प्राणी कोणता ते कळलं पाहिजे. बिबट्या, ओसेलॉट (अमेरिका खंडातलं ठिपकेदार रानमांजर) वगैरे साइटिस कराराखाली येतात, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, १९७५ पासून लागू झालेल्या कराराखाली. वस्तू जुनी आहे एवढ्याने सुटका होत नाही. सीमा ओलांडताना कागदपत्रं लागतात. कागद नसेल तर हात लावू नका.

१७. आपण चांगले जुने कपडे उचलले तर गरजूंना कमी नाही का पडत?

कपड्यांची चणचण कुठेच नाही, तुडुंब आहे. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात न विकलेल्या कपड्यांचे ढिगारे पडलेत. घानाच्या अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात गठ्ठ्यांनी जुने कपडे येतात. तिथे त्यांना 'ओब्रोनी वावू', मेलेल्या गोऱ्याचे कपडे, म्हणतात. तिथले शिंपी आणि रंगारी जमेल तेवढं उसवून, रंगवून पुन्हा विकतात, पण गठ्ठ्यातला बराच माल इतका हलका निघतो की त्याचं काहीच करता येत नाही. अडचण संख्येची नाही, दर्जाची आहे. तरी एक पथ्य मी पाळतो: अगदी मोठ्या मापांचे कपडे आणि थंडीचे जाड कोट नुसत्या हौसेपोटी, कापून काही नवं शिवायला, उचलत नाही. ते मुळात कमी असतात आणि कोणाला तरी जसेच्या तसे हवे असतात.

१८. मग कपाटातले फास्ट फॅशनचे कपडे काढून टाकू?

का? ते तयार झालेत, पाणी खर्ची पडलंय, कोणीतरी ते शिवलेत. फाटेपर्यंत घाला. उसवले तर शिवा. हलक्या कपड्याची शिवण पहिल्या आठवड्यातच घरी दुसऱ्यांदा मारून घेतली तर तोही बरीच वर्षं जातो.

१९. जुनेच घेते, पण आता जुन्यांनीच कपाट भरून वाहतंय.

हे पत्र दर काही आठवड्यांनी येतं, आणि मी स्वतःही हे लिहू शकलो असतो. मिळाला, दुर्मीळ आहे, पुन्हा मिळणार नाही, ही घाई फास्ट फॅशनचीच सख्खी बहीण आहे. मी करतो ते एवढंच: कपाटातले सगळे हँगर उलट्या तोंडाने लावतो आणि कपडा घालून झाला की त्याचा हँगर सुलटा करतो. वर्षाअखेरीस उलटे राहिलेले कपडे दुसऱ्या कोणाला तरी देतो. गेल्या वर्षी उलटे नऊ होते. त्यांतले सात मी 'पुन्हा मिळणार नाही' म्हणूनच घेतले होते.